साठ हजारांची पुडी आणि चार टक्के व्हिनेगर

तळवडे, भोसरी, चाकणला पाळीवर जाणाऱ्या चिखलीकराला अंगदुखी नवी नाही. कुणीतरी ‘डी कमी असेल’ म्हणतं आणि घरात ६०,००० युनिटची पुडी येते. ती सहसा आठवड्यातून एकदा आणि डॉक्टर सांगतील तेवढीच मुदत घ्यायची असते. काहीजण रोज घेतात. ड जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, चरबीत साठतं. अती झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान सुरू होते आणि पुढे मूत्रपिंडाला इजा होते. बी-१२ची गोष्ट निराळी. शाकाहारी माणसात आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यात ते खरोखरच कमी पडू शकतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्यावं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर लॅबमध्ये आधी सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

‘फुल बॉडी चेकअप’च्या सत्तर-ऐंशी आकड्यांत दोन-चार लाल निघणारच. (नॉर्मलची मर्यादाच बहुधा अशी आखतात की शंभरातले पाच निरोगी लोक बाहेर पडतात.) माझ्या मते हे पैसे वाचवावेत. तिशीनंतर बीपी, साखर, तोंडाची तपासणी आणि बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे.

स्वस्त म्हणजे कमअस्सल नव्हे, हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सिद्ध झालंय. टाटा मेमोरियलने १९९८मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे दीड लाख बायका होत्या. दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या सेविका गर्भाशयमुखाला चार टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावून डाग पाहायच्या. या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

काही दुखण्यांत मात्र चेकअपची वाट पाहायची नाही. छातीत दाब आणि घाम, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं: लगेच १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे कामाची पाळी संपेपर्यंत थांबू नका. दोन आठवडे न भरणारी तोंडातली जखम, तेवढाच जुना खोकला, मासिक पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, यांसाठी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का कापला जात असेल, तर कार्ड घेऊन ईएसआयच्याच दवाखान्यात जा; त्या उपचाराचे पैसे तुम्ही आधीच भरलेत.