वितळतारा, जुन्या मोटारगाडीतील
विद्युत् मंडलातील प्रवाह ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास स्वतः वितळून मंडल खंडित करणाऱ्या धातूच्या पट्टीस किंवा तारेस वितळतार अथवा फ्यूज म्हणतात. वितळतार मुख्यतः दिव्याचे वा भोंग्याचे नव्हे, तर त्यांना प्रवाह पुरविणाऱ्या तारेचे संरक्षण करते. जुन्या गाडीतील वितळतारांची कोणतीही सुधारणा या तत्त्वास धरूनच करावी लागते.

मुंबई, ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसरातील परिचित उदाहरण म्हणजे फियाट ११०० व तिच्यापासून निघालेली प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात या गाड्या तयार होत. मुंबईतील टॅक्सी म्हणून पद्मिनीचा वापर २०२३ मध्ये संपला. तथापि हौशी मालकांनी काही गाड्या जतन केल्या आहेत.

या गाड्यांतील वितळतार चिनी मातीच्या लहान दांडीवर बसविलेल्या उघड्या धातुपट्टीची असते. तिची निमुळती टोके दोन स्प्रिंगपट्ट्यांच्या चिमट्यात राहतात. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत व पावसाळ्यात या टोकांवर गंज चढतो आणि स्पर्शस्थानी रोध वाढतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वितळतार शाबूत असूनही तिची पेटी तापते व दिवे मंद होतात.

दुसरा दोष वाढीव भारामुळे उद्भवतो. १२ व्होल्ट दाबावर ४५ वॉटचा दिवा सु. ३·७५ अँपिअर प्रवाह घेतो, तर १०० वॉटचा सु. ८·३ अँपिअर. त्यामुळे ८ अँपिअरची वितळतार वारंवार जाते. तिच्या जागी १६ अँपिअरची घातली वा चांदी कागद गुंडाळला, की जुनी बारीक तारच वितळतारेचे काम करू लागते. तिचे आवरण जळून गाडीला आग लागू शकते.

सुधारणा : प्रथम प्रत्येक मंडलाचा भार मोजून मग घटमालेची जोडणी काढतात. वितळतारेचा अंक नेहमीच्या भाराहून अधिक, पण तारेच्या सुरक्षित क्षमतेहून कमी असावा. उदा., ६० वॉटच्या दोन दिव्यांना एकूण १० अँपिअर लागतात; त्यांना २·५ चौ. मिमी. छेदाची तार व १५ अँपिअरची वितळतार योग्य ठरते. मोठा भार जुन्या बटणातून न नेता रिलेमार्फत नेतात. घटमालेपासून नव्या पेटीकडे जाणाऱ्या तारेत, घटमालेजवळच, मुख्य वितळतार घालतात. प्रारंभक चलित्र क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर घेत असल्याने त्याची जाड तार मात्र यातून वगळतात.

१९७६ पासून प्रचारात आलेल्या पात्याच्या आकाराच्या वितळतारा घट्ट बसतात व त्यांची पट्टी झाकलेली असते. त्यांचे रंगसंकेत मात्र वेगळे आहेत : जुन्या प्रकारात लाल म्हणजे १६ व निळा म्हणजे २५ अँपिअर, नव्यात तेच रंग अनुक्रमे १० व १५ अँपिअर दर्शवितात. म्हणून रंगावर न विसंबता अंक वाचावा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते; मात्र तिचा सांगाडा, बाह्यकवच वा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. वितळतारांची सुधारणा या मर्यादेत बसते. तरीही मूळ पेटी जागीच ठेवून नवी पेटी नजरेआड, कोरड्या जागी बसवावी आणि बदललेल्या जोडणीचा आराखडा गाडीतच ठेवावा.