जारचे पाणी शुद्ध कसे होते?

गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांचा आमचा निफाड तालुका. तरीही आज दुकानात, वर्कशॉपात, लग्नाच्या मांडवात वीस लिटरचा जार दिसतोच. आमचे कित्येक व्यापारी बंधू तो रोज विकत घेतात. काही जण हा धंदा सुरू करण्याच्या विचारात आहेत. तेव्हा प्लँटमध्ये पाण्यावर काय काय होते, ते समजून घेऊ.

पाणी बहुधा बोअरचेच असते. टाकीत घेऊन त्यात क्लोरीन सोडतात, मग वाळूच्या थरातून गाळतात. पुढे कोळशाचा फिल्टर. हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो. तो वास घालवतो आणि उरलेले क्लोरीनही शोषून घेतो. हे जरुरीचे आहे, कारण क्लोरीनने आर.ओ.चे मेंब्रेन खराब होते आणि ते बदलणे खिशाला जड जाते.

खरे काम या मेंब्रेनचे. पंपाच्या दाबाने पाणी त्यातून पलीकडे जाते, विरघळलेले क्षार मागे राहतात. द्राक्ष-उसाच्या पट्ट्यात याला मोल आहे. शेतात जादा पडलेल्या युरियाचे नायट्रेट होऊन ते झिरपत विहिरी-बोअरमध्ये उतरते. त्याला ना रंग, ना वास. उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळांना ते विशेष घातक. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मात्र मेंब्रेनमागे उरलेले खारे पाणी लहान प्लँटमध्ये बरेच वाया जाते. उन्हाळ्यात बोअर किती साथ देईल, हा हिशेब धंद्यात पडणाऱ्याने मशिनरी घेण्यापूर्वीच करावा.

शेवटी यूव्ही दिवा आणि ओझोन. दिव्याने जंतू मरतात, पण नंतर शिरलेल्या जंतूंवर त्याचा इलाज नाही. ओझोन बाटलीत थोडा वेळ काम करतो, मग त्याचा ऑक्सिजन होतो.

म्हणूनच नळीने भरलेला बिनसीलचा थंड जार आम्ही बाटलीबंद पाण्यात धरत नाही. जार आतून नीट धुतला नसेल, तर आधीची सारी मेहनत फुकट.

सीलबंद पाण्याला २००१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती उठली. नोव्हेंबरात एफएसएसएआयने हे पाणी जादा जोखमीच्या खाद्यपदार्थांत घातले. लेबलावर १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा. जारवाल्याकडे लॅबचा रिपोर्ट मागावा, त्यात नायट्रेट आणि कोलिफॉर्म जंतूंचे आकडे बघावेत. विक्रेता टीडीएस मीटर बुडवून दाखवतो खरा, पण त्या मीटरला जंतू दिसत नाहीत.