साबणाची वडी

युद्धाने किंवा पुराने घर हिरावले की अन्नवस्त्रांची आठवण सर्वांना होते. साबणाची सहसा होत नाही. परंतु निर्वासितांच्या दाटीवाटीच्या छावणीत अतिसार अस्वच्छ हातांवाटे पसरतो आणि त्याला प्रथम बळी पडतात ती लहान मुले. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे स्निग्ध मळाकडे ओढ घेते. त्यामुळे नुसत्या पाण्याला दाद न देणारा मळ रोगजंतूंसह धुऊन निघतो.

अमेरिकेत १९१७ साली स्थापन झालेल्या ज्युनिअर रेडक्रॉसने मदतीचे हे काम शाळकरी मुलांवर सोपविले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील मुलांसाठी त्यांनी वर्गावर्गांतून लहान पेट्या भरल्या. साबण, दात घासण्याचा ब्रश व कंगवा यांच्या जोडीला त्यांत पेन्सिल आणि खेळणेही असे. कारण घेणाराही मूलच होता, याचा विसर भरणाऱ्यांना पडला नव्हता.

आपत्तीतील मदतीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अंगाच्या साबणाची गरज माणशी दरमहा २५० ग्रॅम आहे. पेटीतील एक वडी अर्थातच लवकर संपते. पाण्याची कायमची सोय होईपर्यंतचे दिवस निभावून नेणे, एवढेच तिचे काम. पण रोगराईत तेच दिवस मोलाचे असतात.