मुंबई-दुबई : अंतर किती, वेळ किती?

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. बहुतेक वाट अरबी समुद्रावरून जाते आणि विमानाला साधारण तीन तास लागतात. तरीही तिकिटावरील वेळा पाहून नवखे व्यापारी बांधव हमखास गोंधळतात.

दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. पहाटे ४ ला मुंबई सोडलेले विमान तेथे साडेपाचच्या सुमारास उतरते. वाटते, दीड तासात पोहोचलो! परतीला उलट. दुपारी ४ ला निघालात तर मुंबईत रात्रीचे सव्वाआठ-साडेआठ होतात. खरे तर हिवाळ्यात येतानाच वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावरील वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात व विमानाला मागून रेटा देतात.

पण धंद्याचा हिशेब नुसत्या उड्डाणावर मांडू नये. तीन तास आधी विमानतळावर हजेरी, उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग सामान. रत्नागिरीहून येणाऱ्याला तर मुंबई गाठायलाच विमानप्रवासाच्या दुपटीहून अधिक वेळ जातो!

वाराही पाहावा. १ जानेवारी २०२२ पासून तेथील सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारपर्यंतच चालतात आणि शनिवार-रविवार बंद असतात. परवाना किंवा कागदपत्रांचे काम असेल तर शुक्रवारी उतरून हॉटेलचे भाडे भरत बसण्यापेक्षा रविवारी रात्री निघावे, असे आम्ही सुचवू. सोमवारी सकाळी कचेरी उघडताना आपण दारात असाल.