पहिला परदेश : शाळा

मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या आसपास, बंजारा तांडे आहेत. तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं. आईला ‘याडी’ म्हणतं. शाळेत मराठी येते ती पुस्तकातून थोडी आणि मधल्या सुट्टीतल्या भांडणांतून जास्त. परदेशी शिकायला गेलेल्याचंही असंच होतं, फक्त तिथे तांडा लांब राहतो.

ब्रिटिश अभ्यासक जेम्स कोलमन यांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या ओळखींची तीन वर्तुळं मांडली. आत आपले देशबांधव, मध्ये इतर देशांतून आलेले विद्यार्थी आणि बाहेर तिथली स्थानिक माणसं. बहुतेक जण सुरुवातीला आतल्याच वर्तुळात रमतात. डाळ-भाताची सोय तिथेच असते ना! पण भाषा राहते बाहेरच्या वर्तुळात.

एमबीबीएससाठी बाहेर जाणाऱ्यांना हे लवकर कळतं. 2021 च्या भारतीय नियमांनुसार शिक्षण इंग्रजीतून, किमान 54 महिन्यांचं हवं आणि पुढची 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत. पेशंट मात्र पोट कुठे दुखतं ते स्वतःच्या भाषेतच सांगतो.

आनंदीबाई जोशी 1883 मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेत गेल्या, तेव्हा आतलं वर्तुळ नव्हतंच. इंग्रजी त्या घरून शिकून गेल्या होत्या. ती रोजच्या बोलण्याची झाली न्यू जर्सीतल्या रोझेलला, कार्पेंटरबाईंच्या घरात. पत्रांतून जुळलेल्या या बाईंना त्या मावशी म्हणत.