खडखडतो तो कीबोर्ड, की टेबल?

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यापासून टीव्ही सेंटरपर्यंत अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलंमुली प्लायवूडच्या खणांत तासन्‌तास बसलेली असतात. पुस्तकांच्या जोडीला आता लॅपटॉप आले आणि त्यांच्याबरोबर एक नवी कुरबूर आली: शेजारच्याच्या कीबोर्डचा आवाज. ज्याचा आवाज होतो त्याला लगेच सल्ले मिळतात. तेलाचा थेंब सोड, कव्हर लाव, नाहीतर कीबोर्डच बदल. यातले काही निरुपयोगी आहेत, काही लॅपटॉपचं नुकसान करणारे आहेत.

तक्रार करणारा उगाच किरकिर करतो, असं आधी मानलं जातं. तसं नसतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत शांतता क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा 40 डेसिबल आहे, आणि साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास जातं. अभ्यासिकेत कुणी बोलतच नसल्याने खोलीचा मूळ आवाज फार खाली असतो आणि बारीकसा टकटकाटही त्यातून वर येतो. शिवाय पंख्याची घरघर एकसारखी चालते म्हणून कान तिला सरावतो. टायपिंगला असा ठेका नसतो. थांबतं, सुरू होतं, पुन्हा थांबतं. लक्ष तिकडे खेचलं जाणारच.

दुसरा समज असा की आवाज येतोय म्हणजे कीबोर्ड खराब झालाय. बहुतेक लॅपटॉपमध्ये बटणाखाली प्लास्टिकची कात्रीसारखी घडी, तिच्या मध्ये रबराची टोपी आणि त्याखाली विजेचा संपर्क जुळवणारा पातळ पडदा असतो. बटण जेमतेम एक ते दीड मिलिमीटर खाली जातं. आवाज होतो तो बटण तळाला आदळताना आणि परत वर येताना. म्हणून तो किती होणार हे बरंचसं बोटांच्या जोरावर ठरतं.

हा जोर कुठून आला, हे पाहण्यासारखं आहे. गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर बाजारात आणला. तेव्हापासून कित्येक पिढ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्या लोखंडी यंत्रांवर शिकल्या. तिथे अक्षराची दांडी बोटाच्या ताकदीनेच कागदावर आपटायची. कोर्टाच्या कामात तीन-चार कार्बन प्रती काढायच्या तर आणखी जोर लागायचा. मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांची अट पार करून लिपिक-टंकलेखक झालेल्यांचा हात त्या यंत्रावर बसला, आणि शिकवणाऱ्यांकडून तो पुढच्यांकडेही आला. लॅपटॉपला त्या ताकदीचा काही उपयोग नाही. संपर्क जुळला की अक्षर उमटतं, त्यापुढचा सगळा जोर आवाजात जातो. आठवडाभर मुद्दाम हलक्या हाताने टाइप करून पाहावं. सुरुवातीला वेग पडतो, पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय हाच, असं माझं ठाम मत आहे.

मराठी टाइप करणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी लक्षात घ्यावी. इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’ आणि ‘ख’ एकाच बटणावर असतात, ‘ख’ साठी शिफ्ट दाबावी लागते. ‘प्र’ लिहायला तीन बटणं लागतात. म्हणजे आपल्या मजकुरात बटणांचे ठोके आणि शिफ्टचा वापर, दोन्ही भरपूर. आणि शिफ्ट, एंटर, स्पेस ही रुंद बटणं. ती एका बाजूला कलू नयेत म्हणून बऱ्याच कीबोर्डमध्ये त्यांच्याखाली बारीक तारेची दांडी असते; ती सैल झाली की खुळखुळते. तेव्हा कुठलं बटण वाजतंय ते आधी शोधावं. एकटं स्पेसबारच वाजत असेल तर दोष त्याच्या दांडीत किंवा खाली अडकलेल्या कणात असतो, कीबोर्ड बदलायची गरज नसते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या सांगाड्याला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी पक्का केलेला असतो, त्यामुळे बदलायचा म्हटला तर सांगाड्यासकट खर्च बसू शकतो.

आता टेबल. अभ्यासिकेतले पातळ प्लायचे खण किंवा लोखंडी पत्र्याची टेबलं ढोलाच्या पानासारखं काम करतात: ठोका छोटा, नाद मोठा. लॅपटॉपच्या बुडाला असलेले चार रबरी पाय हा नाद अडवतात. इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, यंत्र स्वतःही तापतं, मग पायांचा गोंद सुटतो आणि एखादा पाय कधी पडला ते कळतही नाही. लॅपटॉप तीन पायांवर डुगडुगतो आणि प्रत्येक ठोक्याला टेबलावर आपटतो. तोच लॅपटॉप जाड वहीवर ठेवून टाइप करून पाहा. आवाज एकदम उतरला तर कीबोर्ड निर्दोष आहे. नवे पाय चिकटवावेत किंवा खाली रबरी चटई घालावी. गादी, उशी किंवा जाड टॉवेल मात्र नको, त्याने हवेच्या जाळ्या बंद होतात.

तेल तर मुळीच नको. शिलाई मशीनचं असो, खोबरेल असो की गंज सोडवणारा फवारा, ते पडद्यापर्यंत झिरपतं आणि धूळ धरून ठेवतं. करकरणाऱ्या बटणाखाली बहुधा धूळ किंवा बिस्किटाचा चुरा असतो. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, यंत्र तिरपं धरून मऊ ब्रशने आणि हवेच्या फुग्याने साफ करावं. नखाने बटण उचकटलं तर आतले नाजूक हूक तुटतात. साखरेचा चहा सांडून बटणं चिकटली असतील तर ते काम कारागिराचंच.

सिलिकॉनच्या कव्हरने आवाज थोडा कमी होतो. पण काही लॅपटॉप कीबोर्डमधूनही उष्णता बाहेर टाकतात, तिला अडथळा होतो. आणि कव्हर मापाचं नसेल तर अक्षर उमटत नाही म्हणून माणूस अधिक जोराने दाबतो.

पातळ कीबोर्ड शांत असतो, हाही भ्रमच. ॲपलने 2015 मध्ये अतिशय पातळ ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड आणला. त्याच्या टकटकीबद्दल आणि धुळीने अडकणाऱ्या बटणांबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की नोव्हेंबर 2019 मध्ये कंपनी पुन्हा कात्रीच्या रचनेकडे वळली. उलट ‘मेकॅनिकल’ म्हणजे गोंगाटच, असंही नाही. बाहेरून जोडायचा कीबोर्ड घेताना आतल्या स्विचची जात विचारावी. चेरी कंपनीच्या निळ्या स्विचला मुद्दाम ‘क्लिक’ दिलेला असतो, लाल स्विचला तो नसतो, आणि ‘सायलेंट’ प्रकारात आदळणं मऊ करणारी सोय असते.

ऑनलाइन क्लासमध्ये किंवा सुनावणीत समोरच्याला खडखडाट ऐकू जातो तो वेगळा प्रश्न. लॅपटॉपचा माइक त्याच सांगाड्यात बसवलेला असल्याने बटणांचा हादरा त्याच्यापर्यंत थेट पोचतो. माइकवाला साधा इअरफोन लावला तरी मोठा फरक पडतो. झूम, मीट आणि टीम्समध्ये आवाज गाळण्याची सोयही आहे.

एका बाबतीत मात्र विलंब करू नये. कालपर्यंत ठीक असलेला कीबोर्ड अचानक वेगळा वाजू लागला, मधली बटणं वर आल्यासारखी वाटली, टचपॅड दाबायला घट्ट झालं किंवा झाकण नीट मिटेना, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब थांबवावं, यंत्र बंद करावं, फुगलेला भाग दाबून बसवायचा प्रयत्न करू नये आणि लॅपटॉप दुरुस्तीला न्यावा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.