मोटारीच्या इंजिनातील तोल

विज्ञानाच्या तासाला केंद्रोत्सारी बल शिकविताना मी गोफणीचा दाखला देतो. धोंडा तोच असतो, परंतु गोफण हळू फिरविली तर हाताला ओढ बेताची लागते आणि जोराने फिरविली की मनगट ताणले जाते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, हे मुलांना फळ्यावरच्या गणिताने पटते. माझा एक जुना विद्यार्थी आखातात अमेरिकन मोटारींची इंजिने बांधणाऱ्या गॅरेजात कामाला आहे. सुटीवर घरी आला असता त्याने मला विचारले, "सर, पिस्टन वरखाली सरकतो आणि क्रँकशाफ्टवरचे वजन गोल फिरते. मग या गोल फिरण्याने त्या वरखाली सरकण्याचा तोल कसा साधतो? आणि आमचा फोरमन पिस्टनचे निम्मेच वजन का धरतो?" प्रश्न ऐकून मला प्रथम थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण तो मला स्वतःला कधी सुचला नव्हता.

प्रथम हिशेब पाहू. फिरणाऱ्या भागावर मध्यापासून 5 सेंटीमीटरवर 10 ग्रॅम वजन जास्त राहिले, तर मिनिटाला 1000 फेऱ्यांना त्याची ओढ सुमारे अर्धा किलो भरते. 3000 फेऱ्यांना ती 5 किलो होते आणि 6000 ला 20 किलो. ही ओढ दर फेऱ्यास दिशा बदलीत बेअरिंगांवर आदळते. साध्या मोटारीचे इंजिन सहसा दोन-तीन हजार फेऱ्यांवर चालते, म्हणून थोडी चूक खपून जाते. शर्यतीचे इंजिन सहा-सात हजारांवर तास न् तास चालवावयाचे असते; तेथे तीच चूक बेअरिंग खाते.

आता निम्म्या वजनाचे कोडे. बुलेट मोटारसायकल पुष्कळांनी चालविली असेल. तिच्यात पिस्टन एकच. तो वरच्या टोकाला पोहोचला की त्याची ओढ पूर्ण असते, मध्यावर आला की जवळजवळ शून्य होते. क्रँकच्या विरुद्ध बाजूस पिस्टनइतकेच वजन बसविले तर वरखालीचा धक्का मरतो. पण पिस्टन मध्यावर असताना ते वजन आडवे ओढते आणि त्याला रोखणारे कोणी नसते. अर्थात धक्का गेला नाही, त्याने फक्त दिशा बदलली. निम्मे वजन बसविले तर निम्मा धक्का उभा राहतो व निम्मा आडवा. एका पिस्टनच्या इंजिनात निम्म्याच्या आसपासचा हा आकडा म्हणजे तडजोड होय. बुलेटची ती प्रसिद्ध थरथर बऱ्याच अंशी याच तडजोडीची आहे.

परंतु आठ सिलिंडरांच्या व्ही-इंजिनात गोष्ट निराळी. उदाहरण म्हणून शेव्हरोलेचे 'स्मॉल ब्लॉक' इंजिन घेऊ. ते 1955 साली निघाले, आणि हौशी लोक जितके हे इंजिन खोलून पुन्हा बांधतात तितके क्वचितच दुसरे बांधीत असतील. त्यात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा एकमेकींशी 90 अंशांचा कोन करतात आणि प्रत्येक क्रँकपिनवर समोरासमोरचे दोन कनेक्टिंग रॉड बसतात. एक पिस्टन टोकाला असतो तेव्हा त्याचा जोडीदार मध्याजवळ असतो. एकाची ओढ पूर्ण, दुसऱ्याची शून्य. क्रँकपिन दोहोंच्या बरोबर मधोमध येते तेव्हा प्रत्येकाची ओढ सुमारे सात-दशांश भरते, आणि दोन्ही ओढी समांतरभुज चौकोनाच्या नियमाने मिळविल्या की उत्तर पुन्हा एक पूर्ण येते व तेही क्रँकपिनच्याच दिशेला! म्हणजे दोन पिस्टन सरळ रेषेत सरकत असले, तरी दोघांचा मिळून परिणाम एका पिस्टनचे वजन क्रँकपिनला चिकटवून गोल फिरविल्यासारखा होतो. मग गोल फिरणारे वजनच त्याला उत्तर देऊ शकते. दोहोंपैकी एक म्हणजे निम्मे. येथे निम्मे ही तडजोड नसून चोख गणित आहे.

याखेरीज एक दुय्यम धक्का उरतो, तो दर फेऱ्यात दोनदा बसतो. कॅडिलॅकच्या 1914 च्या व्ही-आठ इंजिनात चारही क्रँकपिना एकाच पातळीत होत्या आणि हा धक्का इंजिनाला आडवे हलवीत असे. 1923 साली त्यांनी क्रँकपिना एकमेकींशी 90 अंशांवर मांडल्या, तेव्हा तो आपसांत विरला. शेव्हरोलेची रचना याच जातीची.

प्रत्यक्ष काम असे चालते. आधी आठही पिस्टन तोलून सर्वांत हलका पिस्टन काढतात आणि बाकीच्यांचे गजन पिनेजवळचे आतले जाड मांस खरवडून त्यांना त्याच्या वजनावर आणतात. माथ्याला हात लावीत नाहीत. रॉड दोरीने टांगून मोठे टोक व लहान टोक निरनिराळे तोलतात, कारण मोठे टोक क्रँकपिनबरोबर गोल फिरते आणि लहान टोक पिस्टनबरोबर सरकते. दोन रॉडांचे एकंदर वजन सारखे भरूनही टोकांची वाटणी निराळी असू शकते. नवखा कारागीर फसतो तो बहुधा इथे.

समजा, मोठे टोक 440 ग्रॅम आहे व बेअरिंगचे कवच 45 ग्रॅम. दोन जोड्यांचे झाले 970, त्यात तेलाचे 5 मिळवून 975. पिस्टन, गजन पिन, रिंगा व लहान टोक मिळून 865. ते एकदाच धरावयाचे. बेरीज 1840 ग्रॅम. एवढ्या वजनाचे चार खोटे भार, ज्यांना कारागीर बॉबवेट म्हणतात, चार क्रँकपिनांना आवळून क्रँकशाफ्ट यंत्रावर काहीशे फेऱ्यांनी फिरवितात. कोणत्या टोकाला, कोणत्या कोनात, किती ग्रॅम जास्त आहे हे यंत्र दाखविते. दोन्ही टोके निरनिराळी पाहावी लागतात, कारण एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली सारखाच जादा भार असला तर क्रँकशाफ्ट स्थिर ठेवल्यास तोल बिनचूक भासतो व फिरू लागताच ती दोन्हीकडे झोले खाते.

भार जास्त असेल तर काउंटरवेटला भोक पाडून लोखंड काढतात. कमी असेल तर भोकात टंगस्टनच्या मिश्रधातूचा तुकडा ठोकतात. तो पोलादाच्या दुपटीहून जड असतो. ते भोक शाफ्टच्या लांबीला समांतर पाडतात, नाहीतर तुकडा गोफणीतल्या धोंड्यासारखा बाहेर निसटेल. वर धरलेल्या 865 ग्रॅम वजनाला 6000 फेऱ्यांना दीड टनावर ओढ असते, हे पाहता ही काळजी फाजील म्हणता येणार नाही.

हे सारे ऐकून झाल्यावर त्या मुलाने खरे दुखणे सांगितले. त्यांच्याकडे 350 घनइंचाच्या एका इंजिनाला कोणीतरी 400 घनइंचाच्या इंजिनाचे फ्लायव्हील चढविले होते. बोल्ट तेच बसले. इंजिन पाचशे किलोमीटरांत थरथरून बेअरिंगांसह गेले, आणि बांधणीवर नाव याचे होते म्हणून त्याचा दोन महिन्यांचा पगार कापला गेला. त्याने तोल चोख साधला होता, पण तो इंजिनाच्या आतला. 400 च्या क्रँकशाफ्टवर काउंटरवेट पुरेसे नव्हते; म्हणून कारखान्याने उरलेला भार बाहेर, पुढच्या डँपरवर व मागच्या फ्लायव्हीलवर, मुद्दाम एका बाजूस ठेवला होता. 350 ला त्या काळी असे बाहेरचे भार लागत नसत. 1986 पासूनच्या 350 ला मात्र मागचा भार फ्लायव्हीलवरच असतो, म्हणून इंजिनाचे साल विचारल्याशिवाय सुटे भाग घेऊ नयेत.

कापलेला पगार त्याला परत मिळाला नाही. परंतु आता तो फ्लायव्हील बोल्टांवर चढविण्याआधी उलटे करून एका बाजूच्या जादा भाराचा उंचवटा बोटांनी चाचपतो, आणि त्याचे छायाचित्र काढून तारखेसह आपल्यापाशी ठेवतो.